‘समज देण्यात यावी’

संपादक महोदयांनी पत्राने कळवले की, या दिवाळी अंकासाठी मी मंडळीच्या सेवेतल्या ‘प्रेरणादायी आठवणी’ लिहाव्यात. मी उलटटपाली कळवले की, प्रेरणादायी आठवणी माझ्याजवळ एक-दोनच आहेत. संतापजनक मात्र कपाटभर आहेत, त्या चालत असतील तर लिहितो. त्यांनी फोनवर ‘चालेल’ म्हटले. मी ते लेखी मागितले. लेखी आले. सबब हा लेख.

बहुतेक वाचकांनी आमच्या उपासनामंदिरात पाऊल टाकलेले नसेल, म्हणून आधी थोडा खुलासा करतो. ‘मंडळी’ म्हणजे एका ठिकाणी उपासनेला जमणारा ख्रिस्ती समाज. त्याचा धर्मगुरू तो पाळक. पाळकाच्या जोडीला निवडून आलेली सात जणांची कमिटी असते आणि त्या कमिटीचा एक सेक्रेटरी. नोकरी म्हणून मी नांदेड, कंधार आणि शेवटी लातूर येथील न्यायालयांत कारकुनी केली व अधीक्षक म्हणून निवृत्त झालो; सेवा म्हणून लातूरच्या आमच्या मंडळीचा सेक्रेटरी होतो. सभेचे इतिवृत्त लिहिणे, सभासदांची नोंदवही ठेवणे आणि पत्रे धाडणे, ही सेक्रेटरीची कामे. पत्रांचे प्रकार ढोबळमानाने दोन. एकात माणसाला धीर द्यायचा, दुसऱ्यात त्याला त्याची चूक दाखवायची. मंडळीचा सारा संसार या दोन पत्रांवर चालतो. आणि माझी तक्रार अशी की, कोणते पत्र कोणाला धाडायचे, हे आम्ही माणसाची गरज पाहून ठरवत नाही. त्याची खुर्ची पाहून ठरवतो.

पुराव्याशिवाय आरोप करणे माझ्या स्वभावात नाही. पुरावा देतो.

आमच्या कमिटीत एक निवृत्त मुख्याध्यापक होते. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. एका रविवारी माइक वेळेवर लागला नाही, म्हणून त्यांनी मंदिराची झाडलोट करणाऱ्या दाऊदच्या कानशिलात सर्व लोकांसमक्ष लगावली. दाऊद वयाने त्यांच्यापेक्षा मोठा. मी त्याच आठवड्यात कमिटीपुढे लेखी टिपण ठेवले की, भाऊसाहेबांकडून खुलासा मागवावा. पाळकसाहेब म्हणाले, “सेक्रेटरीसाहेब, प्रेमानं घेऊ. स्वभाव तापट आहे त्यांचा, पण मन निर्मळ आहे.” प्रेमाने घेण्याचा अर्थ असा निघाला की, दाऊदला बोलावून ‘क्षमा करायला शीक’ असा बोध करण्यात आला आणि पुढच्या रविवारी व्यासपीठावरून भाऊसाहेबांच्या ‘उपासनेविषयीच्या आवेशा’बद्दल देवाचे आभार मानण्यात आले. मी या प्रकरणात एकंदर चार पत्रे लिहिली. तीन कमिटीला आणि चौथे दाऊदला, मंडळीच्या वतीने खेद व्यक्त करणारे. त्याने ते नातीकडून वाचून घेतले आणि मला म्हणाला, “खत तर लई चांगलं लिवलाव साहेब. पण गालाला लावायला येत न्हाई.”

मी तेव्हा हसलो. त्या वाक्याचा विचार करायला हवा होता, तो केला नाही.

या दोन्ही गोष्टी, धीर देणे आणि चूक दाखवणे, एकाच माणसाला साधलेल्या मी एकदाच पाहिल्या. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत कंधारला होतो. तिथे एक वृद्ध पाळक होते. भजनात ढोलकी वाजवणारा एक गृहस्थ पिऊन येऊ लागला, तेव्हा ते मला सोबत घेऊन त्याच्या घरी गेले. तासभर बसले, भाकरी खाल्ली, त्याच्या ढोलकीचे मनापासून कौतुक केले. मी मनात चरफडत होतो की, म्हातारा मूळ विषयावर येतच नाही. निघताना उंबऱ्याबाहेर चपला घालता घालता, बायकोला ऐकू जाणार नाही अशा आवाजात ते त्याला म्हणाले, “रविवारी हात थरथरत होते तुझे. पुढं थरथरले तर मी ढोलकी थांबवीन.” एवढेच. सहा महिने हात थरथरले नाहीत. मग एकदा थरथरले, आणि पाळकांनी भर उपासनेत खरोखरच ढोलकी थांबवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच्या घरी भाकरी खायला गेले. मी विचारले, “आजच कशाला जायचं? चार दिवस जाऊ द्या.” ते म्हणाले, “थांबवलं काल, तर जायचं आजच.”

हे मी डोळ्यांनी पाहिले होते. तरीही पुढे जे केले, ते केले.

किल्लारीच्या एस्तेरबाई आमच्या मंडळीच्या सभासद. प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स म्हणून आयुष्य काढलेले. औशापासून पुढच्या गावांतली निम्मी पोरे त्यांच्या हातावर जन्मली म्हटले तरी चालेल. प्रभुभोजनाच्या रविवारी, म्हणजे ज्या दिवशी भाकर आणि द्राक्षरस वाटून घेण्याचा आमचा सर्वांत मोठा विधी असतो त्या दिवशी, त्या नवऱ्यासह एसटीने लातूरला येत. नवरा साखर कारखान्यात फिटर. तो आजारी पडला. वीस दिवस लातूरच्या दवाखान्यात होता, वीस दिवस आमच्या मंडळीने आळीपाळीने प्रार्थना केली, आणि एकविसाव्या दिवशी तो गेला.

महिन्याभराने प्रार्थनासभेत पाळकसाहेबांनी विधवा भगिनीसाठी प्रार्थना करू या, असे म्हटले. एस्तेरबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “माझ्यासाठी काही मागू नका. वीस दिवस मागितलाव की. कोण ऐकलं?” आणि पिशवी उचलून निघून गेल्या.

लोक हादरले. पुढच्या कमिटीत विषय निघाला. पाळकसाहेबांचे शब्द मला आजही जसेच्या तसे आठवतात: “एस्तेरबाईंना कुणीतरी समजवायला पाहिजे.” भाऊसाहेब म्हणाले, “हो, हो. समजवा.” बाकीच्यांनी माना हलवल्या. चहा आला.

आता येथे वाचकांनी नीट लक्ष द्यावे, कारण सारा अपराध एका शब्दाचा आहे. घरातले माणूस ‘समजवा’ म्हणते तेव्हा त्याला अभिप्रेत असते समजूत: जवळ बसणे, पाठीवरून हात फिरवणे, रडू देणे. कचेरीतला माणूस हाच शब्द ऐकतो तेव्हा त्याला ऐकू येते समज. पोलीस चौकीत आरोपीला ‘समज देऊन सोडण्यात आले’ म्हणतात, ती समज. उशिरा येणाऱ्या शिपायाला देतात, ती समज. मी छत्तीस वर्षे कचेरीत काढलेली. मी इतिवृत्तात सुवाच्य अक्षरात लिहिले: ‘श्रीमती एस्तेरबाई यांना समज देण्यात यावी. सर्वानुमते मंजूर.’

आणि समज दिली. लेटरहेडवर, जावक क्रमांक घालून, पोचपावतीसह रजिस्टर टपालाने: ‘आपण प्रार्थनासभेत अनुचित उद्गार काढल्याचे कमिटीच्या निदर्शनास आले आहे. सबब आपणांस याद्वारे समज देण्यात येत आहे.’ त्यातले ‘अनुचित उद्गार’ हे शब्द मला कोणी सांगितलेले नव्हते. ते माझे. मसुदा भारदस्त व्हावा म्हणून मी घातले.

पत्र धाडण्यापूर्वी पाळकसाहेबांसह सर्वांच्या सह्या घेतल्या. पुढच्या सभेत इतिवृत्त मोठ्याने वाचले. ‘वाचून कायम’ करण्याचा रिवाज आहे. सगळे म्हणाले, “कायम.” एकाही इसमाने कान उघडे ठेवले नव्हते. न्यायालयात आरोपीला तरी त्याच्यावरचा आरोप त्याला कळेल अशा भाषेत वाचून दाखवतात. आमच्याकडे न्यायाधीशांनाच तो कळला नाही!

त्यात आणखी एक भर. आमच्या मंडळीच्या नियमांत असे आहे की, ज्या सभासदास समज मिळाली आहे, त्याने कमिटीपुढे हजर होऊन खुलासा करीपर्यंत प्रभुभोजन घेऊ नये. हा नियम कोणी तयार केला? मी. आणि पास होताना त्याची एकच ओळ वाचली गेली होती, ती म्हणजे मथळा.

पाच महिने गेले. नाताळापूर्वी मी प्रभुभोजनास पात्र सभासदांची यादी करत होतो. एस्तेरबाईंच्या नावापुढे माझाच लाल शाईचा शेरा. मी पाळकसाहेबांना विचारले, “एस्तेरबाई अजून खुलाशाला आल्या नाहीत. पुढची कारवाई काय करायची?”

“कसला खुलासा?”

“समज दिली होती ना आपण.”

पाळकसाहेब माझ्याकडे पाहत राहिले. “समज? साहेब, समजूत घालायला सांगितलं होतं. मला वाटलं तुम्ही जाऊन आलात.”

“पाच महिने बाई आली नाही, आपणांस काही वाटलं नाही?”

“वाटलं, तुम्ही समजूत घातली असेल, येतील हळूहळू.”

त्यांना वाटले, मी गेलो. भाऊसाहेबांना वाटले, पाळक गेले. बायकांच्या मंडळाला वाटले, कमिटी गेली. किल्लारीला प्रत्यक्षात गेला तो फक्त पोस्टमन.

दुसऱ्याच दिवशी मी एसटीने किल्लारीला गेलो. भूकंपानंतर वसवलेल्या त्या गावात रस्ते रुंद आणि घरे एकसारखी. नंबर विचारत विचारत दार गाठले. बाईंनी दार उघडले. मी खिशातून माफीपत्र काढले. होय, मी माफीपत्र टाइप करून नेले होते.

“या साहेब, बसा,” त्या म्हणाल्या. पाणी दिले. पत्र वाचले. मग उठून फळीवरच्या डब्यातून माझे पहिले पत्र काढून आणले आणि दोन्ही मांडीवर शेजारी शेजारी ठेवली.

“बाई, माझी शब्दाची चूक झाली. आपणांस समज द्यायची नव्हती.”

“मी सरकारी नोकरी केली साहेब. समज काय असते ते मला ठाऊक हाय. दोनदा मिळाली. एकदा ड्युटीवर उशिरा आले म्हणून, एकदा डॉक्टरला उलट बोलले म्हणून. दोन्ही खऱ्या होत्या. ह्याच्यात काय खरं हाय ते मी पाच महिने शोधून राहिले.”

“काहीच खरे नाही. आपण येत्या रविवारी प्रभुभोजनाला यावे, ही विनंती.”

“कशी येऊ? नियम हाय ना तुमचा. खुलासा केल्याबिगर हात पुढं करता येत न्हाई. आन खुलासा कशाचा करू? माझा माणूस मेला, ह्याचा?”

मी म्हणालो, “नियम मी बघतो.”

“तुम्ही तेच बघता,” त्या म्हणाल्या. रागाने नव्हे, एखाद्या रोग्याला त्याचे दुखणे सांगावे तसे. “एक कागद आला तवा मी वाट बघितले, आता कुणीतरी माणूस येईल. आज माणूस आला, तर हातात आणिक कागद.”

मी परत निघालो तो असा खवळलेला की, औशाला बस थांबली तरी मला कळले नाही. राग कोणाचा होता, हे तेव्हा वेगळे करून पाहण्याची माझी तयारी नव्हती. कमिटीचा होता, असे मी धरून चाललो. ते पुष्कळ अंशी खरेही होते.

तातडीची सभा बोलावून मी ठराव मांडला: पहिला ठराव रद्द करावा, बाईंना दिलेली समज मागे घ्यावी, आणि सेक्रेटरीस त्याच्या हलगर्जीबद्दल लेखी समज द्यावी.

पाळकसाहेब म्हणाले, “जुनं उकरून काय मिळणार? नाताळ तोंडावर आलाय. केक घेऊन जाऊ आपण सगळे, गाणी म्हणू. प्रेमानं सगळं झाकून जातं.”

“जखम उघडी आहे आणि तुम्ही झाकण शोधताय,” मी म्हणालो. “लेखी दिलेली शिक्षा केकने रद्द होत नाही.”

भाऊसाहेब हसले. “चूक तुमची, साहेब. मंडळीच्या अंगाला का लावता?”

“सह्या कोणाच्या आहेत? दाऊदला मारलेत तेव्हा आपल्याला प्रेम मिळाले. या बाईने मंदिरात फक्त दुःख केले, तिला रजिस्टर पोस्ट मिळाले. दोन्हीकडे हात याच कमिटीचा. चूक माझ्या लेखणीची, मान्य. पण ती कोणाला खटकली नाही, कारण किल्लारीच्या नर्सबाईला समज मिळणे आपल्या कोणालाच विचित्र वाटले नाही. ‘भाऊसाहेबांना समज देण्यात यावी’ असे मी वाचले असते, तर चहाचे कप हातातून पडले असते!”

मग कोणीतरी म्हणाले, “मला वाटतं, सेक्रेटरीसाहेबांचीच समजूत काढायची वेळ आलीय,” आणि सगळे खो खो हसले. पाळकसाहेबसुद्धा. ठराव तहकूब झाला. ‘तहकूब’ हा शब्द इतिवृत्तात लिहिताना माझी लेखणी कागदातून आरपार गेली.

आमच्या मंडळीवर देखरेख ठेवणाऱ्या वरिष्ठ मंडळाला मी तीन पत्रे लिहिली. एकाचे उत्तर आले: ‘आपल्या शुभेच्छा पोचल्या.’

सेक्रेटरीला स्वतःच्या चुकीविरुद्ध वार्षिक सभेत ठराव मांडता येत नाही. साध्या सभासदाला येतो. म्हणून मी राजीनामा दिला आणि जानेवारीतल्या वार्षिक सभेत तोच ठराव घेऊन मागच्या बाकावरून उठलो. बाईंची संमती पत्राने विचारली होती. त्यांनी पोस्टकार्डावर एकच शब्द लिहिला होता, ‘वाचा.’ मी पहिले पत्र वाचले, नियम वाचला, आणि सांगितले की, या मंडळीने एका शोकाकुल स्त्रीला पाच महिने भाकरीपासून दूर ठेवले, त्यात शाई माझी आहे आणि दुर्लक्ष सर्वांचे. भाऊसाहेब हरकत घ्यायला उभे राहिले. तेवढ्यात दाऊद, जो कधी सभेत बोलत नाही, दाराजवळून म्हणाला, “म्हंजे त्या बाईकडं कोन गेलंच न्हवतं का?”

भाऊसाहेब बसले. ठराव मंजूर झाला. विरोधात कोणी नाही. पाळकसाहेबांनी डोळे पुसले. मला ते आवडले नाही. पाच महिन्यांपूर्वी एसटीचे तिकीट काढले असते, तर ते अधिक आवडले असते.

ठरावाची सही-शिक्क्याची नक्कल घेऊन मी दुपारच्या बसने किल्लारीला गेलो. बाईंनी चष्मा लावून ती शांतपणे वाचली.

“बरं लिवलाव,” त्या म्हणाल्या. “अनुचित उद्गार काढून टाकले. पण साहेब, मी बोलले ते अनुचित न्हवतं, तर मग काय होतं? ते न्हाई लिवलं ह्याच्यात.”

“ते कमिटीच्या कक्षेत येत नाही.”

“हाव,” त्या म्हणाल्या. “म्हणून तर कुणी इचारलं न्हाई.”

त्या कागदाची घडी घालून थांबल्या. मीही थांबलो. माझे काम झाले होते, नक्कल पोचली होती, पोचपावतीवर सहीसुद्धा झाली होती. मी उठून चपला घालू शकलो असतो. छत्तीस वर्षांत मी हजारो जबाब लिहून घेतले. पण समोरच्याचे बोलणे फक्त ऐकण्यासाठी कोणाला प्रश्न विचारल्याचे मला आठवेना. तो कसा विचारतात, याचा नमुना माझ्याजवळ नव्हता. शेवटी मी कसाबसा म्हणालो, “बाई, ते वीस दिवस कसे गेले?”

त्या बोलू लागल्या. उन्हे कलली, लातूरची बस निघून गेली, शेजारीण चहा ठेवून गेली, तरी त्या बोलत होत्या. मधे एकदा मी सवयीने खिशातले पेन काढले. त्यांनी बोलणे थांबवले आणि पेनाकडे पाहिले. मी ते परत ठेवले.

वाचक विचारतील, बाई प्रभुभोजनाला आल्या का. नाही, अजून आलेल्या नाहीत. आता त्यांना मनाई नाही. मन होत नाही, आणि ते कोणत्याही सभेत मंजूर करून घेता येत नाही. पाळकसाहेब एकदा जाऊन आले, तेही मी सात वेळा फोन केल्यावर. केक घेऊन गेले होते, हे नमूद करतो. मी महिन्यातून एकदा जातो, रिकाम्या हाताने. कमिटीवर भाऊसाहेब पुन्हा निवडून आले आहेत, दाऊदकडे कोणी स्वतः जाऊन खेद व्यक्त केलेला नाही, आणि त्या प्रकरणाचे पाचवे पत्र माझ्या टेबलावर अर्धे लिहून पडले आहे. ते पूर्ण करण्याआधी मी दाऊदच्या घरी जाऊन येणार आहे.

एस्तेरबाईंनी त्या दुपारी काय काय सांगितले, याबद्दल संपादक महोदयांनी दोनदा विचारणा केली. वाचकांना ते हृद्य वाटेल, असे त्यांचे म्हणणे. निघताना बाई मला दारापर्यंत सोडायला आल्या आणि म्हणाल्या, “साहेब, एवढं मात्र कुठं लिवू नका.” मी ‘बरे’ म्हणालो. तोंडीच म्हणालो.